एकच घाम, औषधे निराळी

परीक्षेच्या हॉलमध्ये प्रश्नपत्रिका हातात पडण्याआधीची पाच मिनिटे कोणीही आठवून पाहावीत. छाती धडधडते, जीभ टाळूला चिकटते, तळहात ओले होतात, पोटात गोळा येतो. यातले एकही काम आपण ठरवून केलेले नसते. धडधड थांब म्हटल्याने थांबत नाही आणि घाम ये म्हटल्याने येत नाही.

मराठीने या अवस्थेची नोंद फार बारकाईने ठेवली आहे. काळजात धस्स होणे, तोंडचे पाणी पळणे, हातपाय गार पडणे, दरदरून घाम फुटणे, अंगावर काटा येणे, डोळे विस्फारणे. वर्गात वाक्प्रचार शिकवताना मला नेहमी वाटते, की हे सगळे एकाच यादीत लिहिले तर वैद्यकाच्या पुस्तकातले एक पान तयार होईल. आपल्या घरांतल्या दुसऱ्या भाषेतही ‘एदे झल्ल अंतु’ म्हणतातच. भीती वाटली की शरीरात जे जे घडते, ते आपल्या पूर्वजांनी मोजयंत्राशिवाय टिपून ठेवले.

हा कारभार ज्या मज्जातंतूंकडे असतो, त्यांना स्वायत्त मज्जासंस्था म्हणतात. आपल्या घरातल्या औषधांच्या डब्यातली निम्मी औषधे तिच्याशीच बोलत असतात. आणि उसाच्या पट्ट्यात, म्हणजे आपल्याकडे काय किंवा तिकडे गुजरातच्या बारडोलीत काय, माणूस वाचणार की जाणार हे कधीकधी याच संस्थेला कोणते औषध दिले यावर ठरते. म्हणून हा विषय डॉक्टरांवर सोडून न देता घरातल्या प्रत्येकाने थोडा तरी समजून घ्यावा, असे मला वाटते.

लगाम आणि टाच

कन्नड शाळेत शिकलेली मुले मज्जासंस्थेला ‘नरमंडल’ म्हणतात. मराठी कानाला हा शब्द पुरुषांच्या मंडळासारखा वाटतो आणि घरात हशा पिकतो. पण कन्नडमध्ये ‘नर’ म्हणजे मज्जातंतू. तर या नरमंडलाचा जो भाग आपल्या इच्छेला विचारत नाही, त्याचे दोन पक्ष आहेत.

पहिला अनुकंपी. संकट आले, की हा घोड्याला टाच मारतो. हृदय वेगाने चालते, रक्तदाब वाढतो, श्वासनळ्या रुंदावतात, डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या होतात, कातडीकडचे रक्त कमी होऊन हातपाय गार पडतात आणि पचनाचे काम तात्पुरते बंद होते. वाघासमोर पळायचे असेल तर पोटातली भाकरी पचवण्यात शक्ती घालवून कसे चालेल?

दुसरा परानुकंपी. याच्या हातात लगाम. जेवण झाले, अंग सैल पडले, की याचे राज्य सुरू होते. हृदय संथ होते, तोंडात लाळ आणि पोटात पाचक रस सुटतात, आतडी हलू लागतात, बाहुल्या लहान होतात. दुपारच्या जेवणानंतर येणारी सुस्ती ही या पक्षाच्या राज्याची खूण.

दोघेही सतत कामावर असतात. एकाने थोडे ओढायचे, दुसऱ्याने थोडे सोडायचे, असा तोल चालू राहतो. बरीचशी औषधे हाच तोल एका बाजूला झुकवतात.

चिठ्ठी आणि कुलूप

मज्जातंतू हृदयाला हुकूम देतो तो कसा? विजेच्या तारेसारखा थेट, की आणखी कशाने? १९२१ मध्ये ऑस्ट्रियातील ग्राझ येथे ओटो लोवी या शास्त्रज्ञाने बेडकांची दोन हृदये घेतली. एका हृदयाच्या मज्जातंतूला चेतना देऊन त्याची गती मंद केली आणि त्या हृदयाभोवतीचे द्रावण दुसऱ्या हृदयावर टाकले. दुसऱ्याला कोणी हातही लावला नव्हता, तरी तेही मंदावले. म्हणजे हुकूम द्रावणातून गेला होता. मज्जातंतूच्या टोकाशी एक रसायन सुटते, तीच चिठ्ठी. लोवी आणि इंग्लंडचे हेन्री डेल यांना १९३६ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले.

परानुकंपी पक्षाची चिठ्ठी म्हणजे ॲसिटिलकोलिन. अनुकंपी पक्षाची मुख्य चिठ्ठी नॉरॲड्रेनॅलिन, आणि मूत्रपिंडांवर बसलेल्या ग्रंथींतून रक्तात थेट सुटणारे ॲड्रेनॅलिन हे तिचेच भावंड. चिठ्ठी पोचते ती इंद्रियाच्या पेशीवरल्या एका विशिष्ट कुलपापाशी. १९४८ मध्ये अमेरिकेतील रेमंड आलक्विस्ट यांनी दाखवले, की ॲड्रेनॅलिनची कुलपे निदान दोन जातींची आहेत. त्यांना त्यांनी अल्फा आणि बीटा अशी नावे दिली. ढोबळमानाने सांगायचे तर अल्फा कुलूप उघडले की रक्तवाहिन्या आवळतात. बीटा उघडले की हृदय जोरात चालते आणि श्वासनळ्या सैल होतात.

इथून औषधांची गोष्ट सोपी होते. काही औषधे बनावट किल्ली होऊन कुलूप उघडतात. काही कुलपात नुसतीच अडकून बसतात, म्हणजे खरी किल्ली आत जात नाही. काही चिठ्ठ्यांचा साठाच रिकामा करतात. आणि काही चिठ्ठी फाडणाऱ्या कारकुनाला बांधून ठेवतात, मग चिठ्ठ्यांचा ढीग साचतो.

या व्यवस्थेत एक अपवाद आहे आणि पुढचे सगळे त्यावरच उभे आहे. घामाच्या ग्रंथी अनुकंपी पक्षाच्या हुकमतीत असूनही त्यांना चिठ्ठी जाते ती दुसऱ्या पक्षाच्या शाईने लिहिलेली, म्हणजे ॲसिटिलकोलिनची. त्यामुळे घाम भीतीनेही फुटतो, विंचवानेही फुटतो आणि कीटकनाशकानेही फुटतो. घाम दिसायला एकच. त्याच्यामागचा बिघाड मात्र निराळा, आणि उताराही निराळा.

महाडचा लाल विंचू

विंचू चावणे हा आपल्याकडे गमतीचा आणि भीतीचा असा दोन्ही विषय आहे. एकनाथ महाराजांनी त्यावर भारूड रचले. गावोगावी विंचू उतरवणारे असत, अजूनही आहेत. त्यांना यश येई याचे कारण साधे आहे. बहुतेक विंचवांच्या दंशात कळ सोडून फारसे काही होत नाही आणि दिवसभरात कळ आपोआप ओसरते. यश मंत्राच्या नावावर जमा होते. जीव जातो तो लाल विंचवाच्या दंशाने. हा विंचू कोकणात, पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात, आंध्र आणि तामिळनाडूत, तसाच सौराष्ट्रातही आढळतो.

जालना जिल्ह्यातल्या देहेड गावचे हिंमतराव बावस्कर नागपूरहून डॉक्टर होऊन १९७६ मध्ये रायगड जिल्ह्यातील महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. तिथे त्यांनी पाहिले, की विंचू चावलेली धडधाकट माणसे आणि मुले काही तासांत दगावतात. पुस्तकांत याचा नीट उलगडा नव्हता. ते रुग्णाच्या उशाशी बसून राहिले आणि काय आधी होते, काय नंतर होते, याची नोंद करत गेले. त्यांची ही निरीक्षणे १९८२ मध्ये ‘लॅन्सेट’ या इंग्लंडच्या ख्यातनाम वैद्यकीय नियतकालिकात छापून आली.

या विंचवाचे विष मज्जातंतूंची दारे उघडी ठेवते, त्यामुळे दोन्ही पक्षांच्या चिठ्ठ्यांचा एकदम पूर येतो. आधी थोडा वेळ ॲसिटिलकोलिनची लाट. उलटी, लाळ, कपडे भिजतील इतका घाम, कधी मंद नाडी. पुरुष आणि मुलग्यांमध्ये लिंगाला ताठरपणा येतो. सांगायला संकोच वाटला तरी डॉक्टरांच्या दृष्टीने ही महत्त्वाची खूण आहे. ही लाट ओसरते आणि मागून नॉरॲड्रेनॅलिन व ॲड्रेनॅलिनची दुसरी, जास्त टिकणारी लाट येते. हातपाय बर्फासारखे गार, नाडी जलद, रक्तदाब चढलेला. सगळ्या रक्तवाहिन्या आवळलेल्या असताना हृदय बिचारे बंद नळावर पंप चालवावा तसे झटत राहते. त्याचे स्नायू दमतात, रक्त मागे तुंबते आणि फुफ्फुसांत पाणी भरू लागते. खोकला, धाप, फेस, आणि मग शेवट.

आता डॉक्टरच्या जागी स्वतःला ठेवून पाहा. समोर घामाने निथळणारा, उलट्या करणारा रुग्ण आहे. घाम आणि लाळ थांबवणारे ॲट्रोपिन हे इंजेक्शन हाताशी आहे. ते ॲसिटिलकोलिनच्या कुलपात अडकून बसते. दिले तर घाम वाळेल, तोंड कोरडे होईल आणि नातेवाइकांना हायसे वाटेल. पण हृदयाचा लगाम धरणारी चिठ्ठीही त्याच कुलपात जात असते. लगाम सुटला, की आधीच टाच बसलेले हृदय आणखी उधळते. म्हणूनच विंचूदंशात ॲट्रोपिन नेमाने देणे घातक ठरते.

बावस्करांनी उलट बाजूने विचार केला. घाम सोडा, आवळलेल्या रक्तवाहिन्या सोडवा. त्यासाठी रक्तदाबावरची एक साधी गोळी बाजारात होती, प्राझोसिन. ती अल्फा कुलपात अडकते, रक्तवाहिन्या सैल होतात आणि हृदयावरचा भार उतरतो. या उपचाराचा अनुभव १९८६ मध्ये पुन्हा ‘लॅन्सेट’मध्येच प्रसिद्ध झाला. त्यांनी पुढे मांडलेल्या आकड्यांनुसार, आधीच्या काळात गंभीर लक्षणे झालेल्या रुग्णांपैकी २५ ते ३० टक्के दगावत. प्राझोसिन सुरू झाल्यावर हे प्रमाण एक टक्क्याच्या खाली आले. तोंडाने घ्यायची एक स्वस्त गोळी आणि तिच्यामागे कुलपाचा अचूक विचार, एवढ्याने हे घडले.

काम तिथे थांबले नाही. डॉ. हिंमतराव आणि त्यांच्या पत्नी डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांनी महाडमध्येच ७० रुग्णांवर केलेला तुलनात्मक अभ्यास २०११ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आला. नुसते प्राझोसिन दिलेल्या ३५ जणांपैकी दहा तासांत पूर्ण बरे झाले ८. प्राझोसिनबरोबर विंचवाची प्रतिविषाची लसही दिलेल्या ३५ जणांपैकी ३२. प्रतिविष मोकळ्या विषाला पकडते आणि प्राझोसिन विषाने आधीच केलेला घोळ निस्तरते, म्हणून दोघांची जोडी चांगली जमते. २०२२ मध्ये डॉ. बावस्करांना पद्मश्री मिळाली. त्यांचे ‘बॅरिस्टरचं कार्टं’ हे आत्मकथन ज्यांनी वाचले असेल, त्यांना यामागचे कष्ट ठाऊक असतील.

घरच्यांसाठी यातून एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. फार कळ म्हणजे फार धोका आणि कमी कळ म्हणजे सुटलो, असे विंचवाचे गणित नसते. कळ थोडी असूनही उलटी आणि घाम सुरू झाला, हातपाय गार पडले, की गाडी काढायची. लहान मुलांच्या बाबतीत तर लक्षणांची वाटही पाहायची नाही.

बारडोलीच्या उसात

दोन वर्षांपूर्वी एका चर्चासत्राच्या निमित्ताने सुरत जिल्ह्यातल्या बारडोलीला जाणे झाले. शाळेच्या पुस्तकातली बारडोली म्हणजे १९२८चा साराबंदीचा सत्याग्रह आणि वल्लभभाईंना मिळालेली ‘सरदार’ ही पदवी. प्रत्यक्षातली बारडोली म्हणजे तापीच्या कालव्यांचे पाणी, मैलोन् मैल ऊस आणि सहकारी साखर कारखाना. आपल्या कृष्णा-घटप्रभेच्या पट्ट्यातून गेलेल्या माणसाला तिथे अजिबात परके वाटत नाही.

तिथे ऊस तोडायला दरवर्षी खानदेशातून, डांगातून टोळ्या येतात. डच समाजशास्त्रज्ञ यान ब्रेमन यांनी १९७०च्या दशकात याच स्थलांतराचा अभ्यास करून या मजुरांच्या हालांवर लिहिले होते. रस्त्याकडेच्या पालांपाशी मला अहिराणी ऐकू आली आणि पाय थांबले. नंदुरबारकडच्या एका आजीबाईंशी बोलणे झाले. विंचूकाट्याचे, आजारपणाचे काय करता, असे विचारले. त्या म्हणाल्या, “दवाखाना आहे. पण ते गुजराती बोलतात, आम्ही आमचं बोलतो. मधे मुकादम असला तर बरं, नाहीतर बोटानं दाखवायचं.”

बोटाने दंश दाखवता येतो. पण फवारणीतून अंगात गेलेले विष बोटाने कसे दाखवणार?

शेतातली बरीच जुनी कीटकनाशके ज्या गटातली आहेत, त्याला सेंद्रिय फॉस्फरस गट म्हणतात. शरीरात ॲसिटिलकोलिनची चिठ्ठी काम झाल्यावर लगेच फाडून टाकणारे एक विकर असते, तोच मघाचा कारकून. हे विष त्याला बांधून ठेवते. चिठ्ठ्या साचत जातात आणि लगाम धरणारा पक्ष हाताबाहेर जातो. घाम, लाळ, डोळ्यांतून पाणी, उलटी, जुलाब, पोटात मुरडा, मंद नाडी, स्नायूंची थरथर, आणि छातीत इतका स्राव की श्वास घेता येत नाही. बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात.

इथे तेच ॲट्रोपिन जीव वाचवते. कुलपात ते आधीच अडकून बसले, की साचलेल्या चिठ्ठ्या निरुपयोगी होतात. छातीतला स्राव सुकेपर्यंत डॉक्टर ते पुन्हा पुन्हा, वाढत्या मात्रेने देतात. बांधलेल्या कारकुनाला सोडवण्यासाठी प्रॅलिडॉक्झिम नावाचे औषधही वापरले जाते.

म्हणजे संध्याकाळच्या वेळी उसातून दोन मजूर दवाखान्यात आणले, दोघेही घामाने भिजलेले, दोघांनाही उलट्या. एकाला विंचू चावला आहे, दुसरा फवारणीवर होता. एकाच्या दृष्टीने ॲट्रोपिन अमृत, दुसऱ्याच्या दृष्टीने संकट. डॉक्टर बाहुल्या, नाडी, हातपायांचे तापमान पाहून फरक ओळखतातच. पण ‘काय झाले’ हे एक वाक्य बरोबर आलेल्या माणसाने नीट सांगितले, तर मोलाची मिनिटे वाचतात.

२०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी व शेतमजुरांचे प्राण गेले. उंच वाढलेल्या कपाशीत, डोक्यावर येणाऱ्या फवाऱ्याखाली, पुरेशा संरक्षक साधनांशिवाय, कधी दोन-तीन औषधे एकत्र करून काम चालू होते. २०१३ मध्ये बिहारच्या सारण जिल्ह्यात मोनोक्रोटोफॉसने दूषित झालेले शाळेचे माध्यान्ह भोजन खाऊन २३ मुले गेली. हेही याच गटातले विष. कीटकनाशकाचा रिकामा डबा धुऊन त्यात गोडेतेल किंवा पाणी भरणारी घरे आपल्याकडेही आहेत. तो डबा धुऊन स्वच्छ होत नाही. त्याला भोक पाडून तो निकामीच करावा.

फवारणीनंतर अस्वस्थ वाटले तर पहिली गोष्ट म्हणजे अंगावरचे कपडे काढणे आणि साबणाने भरपूर पाण्यात अंग धुणे. कारण हे विष कातडीतूनही आत जातच राहते. धुणाऱ्याने हातमोजे नसतील तर प्लॅस्टिकच्या पिशव्या हाताला बांधाव्यात. ओकारी काढण्याच्या भानगडीत पडू नये. आणि बाटली बरोबर न्यावी. तिच्यावरचा रंगीत त्रिकोण (लाल, पिवळा, निळा, हिरवा, या उतरत्या क्रमाने विषारी) आणि औषधाचे नाव पाहून डॉक्टरांचे अर्धे काम होते.

शंकराचे फूल

ॲट्रोपिन आले कुठून? युरोपात बेलाडोना नावाच्या झुडपातून. इटालियन भाषेत बेलाडोना म्हणजे सुंदर स्त्री. डोळे टपोरे दिसावेत म्हणून तिकडच्या स्त्रिया या झाडाचा रस डोळ्यांत घालत असत, म्हणून हे नाव. आपल्याकडे तेच द्रव्य उकिरड्यावरच्या धोत्र्यात असते. महादेवाला वाहतात तो धोत्रा. कन्नडमध्ये त्याला ‘उम्मत्ति’ही म्हणतात, आणि ‘उन्मत्त’ या शब्दाशी असलेले त्याचे नाते कानालाच कळते.

धोत्र्याच्या बिया मुलांनी खेळता खेळता खाल्ल्या, की सगळे चित्र उलटे होते. कातडी लाल, गरम आणि कोरडी, तोंड वाळलेले, बाहुल्या मोठ्या, लघवी अडकलेली, आणि मूल असंबद्ध बडबडते, हवेतल्या वस्तू पकडते. लोक भुताटकी समजतात आणि देवऋष्याकडे नेतात. चिठ्ठीचे कुलूप अडल्याची ही सगळी लक्षणे आहेत आणि दवाखान्यात त्यावर उपचार आहे.

डोळे तपासताना बाहुली मोठी करण्यासाठी घालतात ते थेंबही याच जातीचे. म्हणून त्यानंतर काही तास जवळचे वाचता येत नाही आणि उजेड टोचतो. त्या अवस्थेत मोटारसायकल चालवत घरी येऊ नये, सोबत कोणीतरी असावे.

घरातला डबा

आता स्वयंपाकघरातल्या फडताळावरचा औषधांचा डबा उघडू.

दम्याच्या पंपातले साल्ब्युटामोल हे श्वासनळीतल्या बीटा कुलपाची बनावट किल्ली. नळ्या सैल होतात. पण थोडे औषध इतरत्रही पोचते, म्हणून हात थरथरतात, छाती धडधडते. घाबरण्यासारखे त्यात बहुधा काही नसते, तरी डॉक्टरांना सांगावे.

त्याच्या अगदी उलट काम प्रोप्रॅनोलॉलचे. ब्रिटनचे जेम्स ब्लॅक यांनी १९६०च्या दशकात हे औषध घडवले आणि १९८८च्या नोबेल पारितोषिकाचे ते एक मानकरी ठरले. ते बीटा कुलपे बंद करते, त्यामुळे हृदय शांत होते. पण श्वासनळीचीही बीटा कुलपे बंद होतात आणि दमेकऱ्याचा श्वास अडकू शकतो. काचबिंदूसाठी दिल्या जाणाऱ्या टिमोलॉल या डोळ्यांच्या थेंबांचेही तसेच आहे. डोळ्यातला थेंब छातीपर्यंत पोचतो हे खरे वाटत नाही, पण पोचतो. म्हणून डोळ्यांच्या डॉक्टरांनाही आपला दमा सांगायचा. आणि ही हृदयाची औषधे एकाएकी बंद करायची नाहीत, कारण दाबून धरलेली टाच एकदम बसते.

प्राझोसिन आणि त्याच्या कुळातली टॅम्सुलोसिनसारखी औषधे वयस्कर पुरुषांना लघवीच्या त्रासासाठी दिली जातात. सुरुवातीला अंथरुणातून झटकन उठल्यास चक्कर येऊन पडण्याची भीती असते. आजोबांना आधी काठावर बसू द्यावे, मग उभे करावे. आणि आजोबांचे पोट दुखले म्हणून घरातली मुरड्यावरची डायसायक्लोमिनची गोळी परस्पर देऊ नये. ती धोत्र्याच्या चालीची, लघवी अडवू शकते.

सर्दीच्या गोळीतले फेनिलेफ्रिन अल्फा कुलूप उघडून नाकातल्या रक्तवाहिन्या आवळते. रक्तदाब असलेल्याने ती विचारूनच घ्यावी. नाक मोकळे करणारे झायलोमेटाझोलिनचे थेंब तीन-चार दिवसांपलीकडे घालत राहिले, तर थेंब नसले की नाक जास्तच चोंदते आणि माणूस बाटलीचा गुलाम होतो.

‘आम्ही आयुर्वेदिकच घेतो’ म्हणणाऱ्यांसाठी सर्पगंधेची गोष्ट सांगायला हवी. मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी उच्च रक्तदाबाच्या रुग्णांना सर्पगंधा देऊन केलेला अभ्यास १९४९ मध्ये ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये प्रसिद्ध झाला आणि आपल्या रानातली मुळी जगभर पोचली. तिच्यातले रेसर्पिन १९५२ मध्ये वेगळे काढण्यात आले. ते अनुकंपी मज्जातंतूंच्या टोकांतला चिठ्ठ्यांचा साठाच रिकामा करते, म्हणून रक्तदाब उतरतो. पण तो साठा मेंदूतही रिकामा होतो आणि काही रुग्णांना खिन्नतेने घेरले. झाडपाल्याचे म्हणून निरुपद्रवी, असे धरून चालता येत नाही. शरीरातल्या कुलपाला किल्ली रानातून आली की कारखान्यातून, हे कळत नाही.

‘औषध’ या शब्दाचा घोटाळा

मी औषधशास्त्राचा नव्हे, भाषेचा शिक्षक. म्हणून शेवटी भाषेचेच बोलतो.

आपल्याकडे दवाखान्यात मिळते तेही औषध आणि पिकावर मारतो तेही औषध. ‘त्याने औषध घेतले’ या वाक्याचा अर्थ गोळी घेतली असाही होतो आणि विष प्यायला असाही. कन्नडमध्येही ‘औषध होडीलिक्के होगिद्द’ म्हणजे फवारणीला गेला होता. घाबरलेल्या नातेवाइकाने सीमेपलीकडच्या दवाखान्यात नुसते ‘औषध’ म्हटले, तर ऐकणाऱ्याने काय समजावे? तिथे ‘फवारणीचे’ किंवा ‘पिकावरचे’ हा शब्द जोडायलाच हवा. विष मुद्दाम घेतले असेल तर तेही लपवू नये. पोलिसांच्या धाकाने किंवा लाजेने ‘चक्कर आली’ एवढेच सांगितले, तर उपचार चुकीच्या दिशेने सुरू होण्याचा धोका असतो. आत्महत्येच्या प्रयत्नाकडे आज कायदाही पूर्वीच्या नजरेने पाहत नाही. २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्याने तो माणूस तीव्र तणावाखाली होता असे गृहीत धरले आहे.

आपल्या घरांत दोन भाषा नांदतात. आजी मराठीत ओरडते, सून कन्नडमध्ये उत्तर देते आणि नातू दोन्हींत भांडतो. बारडोलीच्या पालांवरल्या आजीबाईंकडे नसलेली ही दौलत आहे. आपल्याकडेही हंगामात ऊस तोडायला मराठवाड्यातून येणाऱ्या टोळ्यांना कन्नड येत नाही. त्यांच्यातल्या कोणाला रात्री दवाखान्यात न्यायची वेळ आली, तर आपल्या घरातला एक माणूस दुभाषा म्हणून बरोबर गेला पाहिजे. १०८ची रुग्णवाहिका महाराष्ट्र, कर्नाटक आणि गुजरात या तिन्ही राज्यांत त्याच क्रमांकावर मिळते.

दुभाष्याने सांगायच्या गोष्टी चार. विंचू चावला (‘चेळु कडीतु’) की फवारणीवर होता? किती वाजता? आधी काय झाले, उलटी की घाम (‘बेवरु’) की धाप? आणि रोजची कोणती गोळी, कोणते थेंब, कोणता पंप चालू आहे?

या चार गोष्टी घरातल्या शाळकरी मुलांकडून दोन्ही भाषांत म्हणून घ्या आणि रोजच्या औषधांची यादी कॅलेंडरच्या मागच्या पानावर लिहून ठेवा. गोळी कोणती द्यायची ते डॉक्टर ठरवतील. त्यांना कोणते कुलूप पाहायचे आहे, एवढे मात्र आपण सांगू शकतो.